एन्झाइम मण्यांवर बसवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

फेब्रुवारी उजाडला की नाशिकमधली प्रोजेक्टची मुलं डबी घेऊन माझ्याकडे येतात. डबीत साबुदाण्यासारखे सुबक मणी असतात आणि तोंडी दोनपैकी एक वाक्य. पहिलं, "मॅडम, मणी मस्त झालेत, पण ॲक्टिव्हिटीच येत नाही." दुसरं, "मॅडम, दहा वेळा वापरले, दहाही वेळा शंभर टक्के!" मला काळजी वाटते ती दुसऱ्या वाक्याची. पहिल्या मुलाला निदान काहीतरी चुकलंय हे कळलेलं असतं.

एन्झाइम मण्यांवर बसवतात ते पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणून. पण मणी तयार झाले म्हणजे त्यांवर एन्झाइम बसलं असं होत नाही. मणी डोळ्यांना दिसतात. एन्झाइम बसलंय का, किती बसलंय आणि बसल्यावर काम करतंय का, हे फक्त मोजून कळतं; या कामाच्या वेगालाच ॲक्टिव्हिटी म्हणतात. म्हणून या लेखात मणी करण्याची कृती थोडी आणि मोजमाप जास्त आहे.

सरावासाठी मी इन्व्हर्टेज, म्हणजे सुक्रोज (आपली नेहमीची साखर) तोडणारं एन्झाइम, घेतलं आहे. त्याला लागणारी सुक्रोज स्वस्त असते आणि तिचा रेणू लहान असल्यामुळे ती मण्याच्या आतपर्यंत पोचते. तयार होणारी साखर कुठल्याही कॉलेजात डीएनएस पद्धतीने मोजता येते; डीएनएस हे तुटलेल्या साखरेबरोबर उकळल्यावर रंग देणारं द्रावण. आधार म्हणून चिटोसानचे (कवचांपासून काढलेल्या पदार्थाचे) मणी आणि बांधायला ग्लुटरल्डिहाइड हे रसायन. यावर हात बसला की मग द्राक्षरसासाठी पेक्टिनेजकडे, म्हणजे रस गढूळ करणारं पेक्टिन तोडणाऱ्या एन्झाइमकडे, वळा. उलट क्रमाने गेलात तर चूक नेमकी कुठे झाली ते शोधता येणार नाही.

## आधी आधार ठरवा: अल्जिनेट की चिटोसान

बहुतेक जण अल्जिनेटने (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाने) सुरुवात करतात, कारण ते सोपं आहे. सोडियम अल्जिनेटमध्ये एन्झाइम मिसळायचं, कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे, मणी तयार. पण अल्जिनेटच्या जाळीची छिद्रं मोठी असतात. त्यात पेशी अडकतात, सुटं एन्झाइम मात्र हळूहळू निसटतं. पहिल्या दिवशी दिसणारी ॲक्टिव्हिटी बऱ्याचदा मण्यातून बाहेर आलेल्या एन्झाइमची असते.

दुसरा धोका बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा. आमच्या प्रयोगशाळेत एका मुलीने संध्याकाळी अल्जिनेटचे मणी फॉस्फेट बफरमध्ये ठेवले आणि ती घरी गेली. सकाळी झाकण उघडलं तर मणी नव्हतेच. तळाशी पांढरट गाळ आणि वर पातळ पेजेसारखं काहीतरी. फॉस्फेटने कॅल्शियम ओढून घेतलं होतं. सायट्रेटही तेच करतं. अल्जिनेटचे मणी वापरायचेच असतील तर ॲसिटेट बफर घ्या आणि त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड ठेवा.

अल्जिनेटचा खरा उपयोग अख्ख्या पेशींसाठी आहे. बेकरीचं यीस्ट अल्जिनेटमध्ये अडकवलं तरी इन्व्हर्टेजचं काम होतं, कारण यीस्टचं इन्व्हर्टेज बहुतांशी पेशीभित्तिकेच्या लगत असतं. मात्र जिवंत यीस्ट तयार झालेली साखर खाऊन टाकतं, वायू सोडतं आणि मणी फुगून वर तरंगतात. तेव्हा मोजलेली साखर खऱ्यापेक्षा कमी येते.

सुटं एन्झाइम टिकवून पुन्हा पुन्हा वापरायचं असेल तर ते रासायनिक बंधाने बांधावं लागतं. पुढचं सगळं त्या रीतीबद्दल आहे.

## तयारी: अर्धं यश इथेच ठरतं

पाणी. सगळ्या द्रावणांना डिस्टिल्ड पाणीच घ्या. आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसाल्ट, त्यामुळे बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेटच्या गुठळ्या होतात. शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने उरकण्याचा मोहही टाळा.

तापमान. वहीत "रूम टेंपरेचर" लिहू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात नाशिकची खोली चाळिशीला टेकते. जानेवारीतले मणी आणि मेमधले मणी "रूम टेंपरेचर"ला तपासले तर दोन वेगळे प्रयोग झाले. वॉटर बाथ लावा आणि आत थर्मामीटर बुडवून खरा आकडा लिहा.

एन्झाइमची बाटली. विकत आणलेल्या एन्झाइममध्ये ते टिकावं म्हणून काय घातलंय ते लेबलवर वाचा. अमोनियम सल्फेट असेल तर थांबा. ग्लुटरल्डिहाइड अमाइन गटांना धरतं आणि अमोनिया ते आयतं खाऊन टाकतो. मण्यावरच्या जागा भरून जातात आणि एन्झाइमला बसायला जागा उरत नाही. ट्रिस बफर आणि ग्लायसिन यांचंही तसंच. असं एन्झाइम डायलिसिसच्या नळीत (लहान रेणू बाहेर जातात, एन्झाइम आत राहतं) भरून, शंभरपट ०.०५ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, फ्रिजमध्ये, बफर दोन-तीनदा बदलत रात्रभर ठेवा.

ग्लुटरल्डिहाइड. २५ टक्क्यांची बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं. पिवळं पडलेलं किंवा गढूळ असेल तर नवी बाटली आणा.

> सावधान: ग्लुटरल्डिहाइडची वाफ डोळे आणि श्वासनलिकेला झोंबते, आणि वारंवार संपर्क आला तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. फ्यूम हूडमध्ये, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. हूड नसेल तर हा प्रयोग त्या खोलीत करू नका.

डीएनएस. १ ग्रॅम डीएनएस २० मिली २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, ३० ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्टरेट घाला आणि पाण्याने १०० मिली करा. तपकिरी बाटलीत ठेवा. मणी करायला घेण्याआधीच ग्लुकोजचा प्रमाण आलेख काढून ठेवा, मिलीला ०.१ ते १ मिलिग्रॅमपर्यंत. आलेख सरळ येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: मोकळ्या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग शेवटी "किती टक्के बसलं" याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही मण्यांना किती युनिट देणार आहात हे माहीत नसेल तर किती बसले हे कशावरून काढणार?

०.१ मोलर ॲसिटेट बफर, पीएच ४.५, त्यात ५ टक्के सुक्रोज, तापमान ४० अंश. दर दोन मिनिटांनी ०.१ मिली नमुना काढा आणि तो ०.९ मिली पाणी व १ मिली डीएनएस आधीच भरून ठेवलेल्या नळीत सोडा. डीएनएस अल्कधर्मी असल्यामुळे क्रिया तिथेच थांबते. सगळ्या नळ्या एकदम उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा, गार करा, प्रत्येकीत सारखंच पाणी घालून ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्या.

इथे एक चूक हमखास होते. सुक्रोजचा एक रेणू तुटला की एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असे दोन रेणू मिळतात, आणि डीएनएस दोन्ही मोजतं. १ युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल सुक्रोज, अशी व्याख्या असेल तर आलेखावरून आलेल्या आकड्याला २ ने भागायचं. मोकळ्या एन्झाइमला भागलं आणि मण्यांना विसरलं, तर मणी दुप्पट चांगले दिसतात.

> तपासणी: एन्झाइमशिवाय नुसत्या सुक्रोज-बफरची एक नळी शेवटपर्यंत चालवा. तिच्यात रंग आला तर तुमच्या साखरेत आधीच तुटलेली साखर आहे. ते रीडिंग सगळ्यांतून वजा करा.

## टप्पा २: चिटोसानचे मणी

१.२५ ग्रॅम चिटोसान ५० मिली १.५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, चुंबकी ढवळणीवर, चिमूट चिमूट करून टाका. एकदम ओतलं तर मैद्यासारख्या गुठळ्या होतात. पूर्ण विरघळल्यावर मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि बुडबुडे निघून जायला रात्रभर ठेवा. बुडबुड्यांसकट थेंब सोडलेत तर मणी तरंगतील आणि त्यांचं वजन विश्वासाचं राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सिरिंजमध्ये भरून २१ किंवा २२ गेजच्या सुईतून १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या २०० मिली द्रावणात थेंब सोडा. सुईचं टोक द्रावणापासून वीतभर वर असू द्या. फार जवळ धरलं तर मण्याला शेपटी येते, फार उंच धरलं तर मणी चपटा होतो. द्रावण हळू फिरत ठेवा, नाहीतर मणी एकमेकांना चिकटतात. दोन-तीन तास तसेच राहू द्या.

मग धुवा. धुवण्याचं पाणी उदासीन आलं की मुलं थांबतात, पण मण्याच्या गाभ्यात अल्कली राहिलेला असतो. मणी ताज्या पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा पीएच बघा. तो वर चढला तर आणखी धुवा. दोनदा लागोपाठ ७ ते ७.५ च्या आत राहिला की पुढे जा.

## टप्पा ३: ग्लुटरल्डिहाइडने मणी तयार करणं

४६ मिली ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७, आणि ४ मिली २५ टक्के ग्लुटरल्डिहाइड. झालं २ टक्क्यांचं द्रावण. त्यात निथळलेले १० ग्रॅम मणी टाकून दोन तास हळू हलवत ठेवा. मणी पांढऱ्याचे पिवळसर आणि मग काकवीच्या रंगाकडे झुकलेले दिसतात. रंगच आला नाही तर ग्लुटरल्डिहाइड बहुधा जुनं आहे.

टक्केवारी वाढवण्याचा मोह होतो. ५ टक्के केलं तर मणी कडक होतात, दिसायला छान, हाताळायला सोपे. पण जाळी घट्ट झाल्यामुळे साखर आत शिरत नाही, आणि एन्झाइमला इतक्या ठिकाणी धरलं जातं की त्याचा आकार बिघडतो. आधी १ आणि २ टक्के शेजारी शेजारी करून बघा.

आता डिस्टिल्ड पाण्याने धुवा, निदान पाच-सहा वेळा, दर वेळी दहा मिनिटं. मोकळं ग्लुटरल्डिहाइड राहिलं तर ते मण्याबाहेरच एन्झाइमच्या गुठळ्या बांधतं. शिवाय पुढे डीएनएसच्या नळीतही रंग देऊ शकतं. युव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर धुवण (धुतल्यावर निघालेलं पाणी) २८० आणि २३५ नॅनोमीटरला बघा आणि रीडिंग पाण्याइतकं होईपर्यंत धुवा.

> तपासणी: पाच मणी ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ४.५, रात्रभर ठेवा. शेजारी ग्लुटरल्डिहाइड न लावलेले पाच ठेवा. न लावलेले फुगून विरघळायला लागतील, कारण चिटोसान आम्लात विरघळतं. लावलेले जसेच्या तसे राहिले पाहिजेत. तेही मऊ पडले तर पुढे जाऊ नका, इन्व्हर्टेजचं काम याच पीएचला आहे.

ही तपासणी एका रात्रीची आहे. ती न केल्यामुळे वाया गेलेले दोन-दोन आठवडे मी पाहिले आहेत.

## टप्पा ४: एन्झाइम बसवणं

एन्झाइम ०.०५ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७, विरघळवा. किती युनिट दिले ते टप्पा १ वरून लिहून ठेवा. १० ग्रॅम मण्यांना २० मिली द्रावण पुरतं. फ्रिजमध्ये १२ ते १६ तास हळू हलवत ठेवा. चुंबकी गोळी मण्यांबरोबर टाकू नका, ती मणी दळते. हलवायला शेकर वापरा.

त्याच वेळी जुळी बाटली ठेवा: तेच एन्झाइम, तोच बफर, तेवढाच वेळ, तीच जागा, फक्त मणी नाहीत. याचं कारण नीट समजून घ्या. सकाळी मण्यांवरच्या द्रावणातली ॲक्टिव्हिटी कमी झाली तर ती मण्यांत गेली असं आपण धरतो. पण एन्झाइम रात्रभरात आपोआप मेलं असेल तर? जुळ्या बाटलीशिवाय हे कळायला मार्ग नाही. तिच्यातली ॲक्टिव्हिटी ९५ टक्के राहिली असेल तर निश्चिंत राहा. ६० टक्क्यांवर आली असेल तर पीएच ६ किंवा ६.५ करून बघा, किंवा बसवण्याचा वेळ कमी करा.

सगळ्यात जास्त एन्झाइम देऊन सुरुवात करू नका. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन मात्रा करा. जागा संपल्यावर जादा एन्झाइम एकमेकांवर थर लावतं, आणि तो थर पहिल्या धुण्यातच निघून येतो.

## टप्पा ५: धुणं, आणि धुवण जपणं

इथे घाई करू नका. मण्यांवर बसलेलं सगळंच एन्झाइम बांधलेलं नसतं. काही नुसतं चिकटलेलं असतं आणि पुढच्या दहा फेऱ्यांत थोडं थोडं सुटत राहतं. ते आत्ताच काढून टाकायचं.

क्रम असा: बफरने दोनदा, मग १ मोलर मीठ घातलेल्या बफरने एकदा अर्धा तास, मग पुन्हा साध्या बफरने दोनदा. मीठ विद्युतभाराने चिकटलेलं एन्झाइम सोडवतं. शेवटच्या धुवणात ॲक्टिव्हिटी शून्य आली पाहिजे. नाही आली तर आणखी धुवा.

मणी काढल्यावर उरलेलं द्रावण आणि प्रत्येक धुवण वेगवेगळ्या बाटलीत, लेबल लावून, आकारमान मोजून ठेवा. माझी कळकळीची विनंती आहे, ते बेसिनमध्ये ओतू नका. तुमचा अर्धा हिशेब त्या बाटल्यांत आहे.

शेवटी मणी ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये, पीएच ८, एक तास ठेवा म्हणजे रिकामे राहिलेले अल्डिहाइड गट भरून जातील. जे ग्लायसिन टप्पा ४ च्या आधी शत्रू होतं ते इथे कामाचं आहे. क्रम उलटा झाला तर एन्झाइम बसणारच नाही.

एन्झाइम न घातलेले पण बाकी सगळं सोसलेले थोडे मणी बाजूला ठेवा. पुढे प्रत्येक मोजमापात तेही लागतील.

## टप्पा ६: मण्यांची ॲक्टिव्हिटी मोजणं

०.५ ग्रॅम मणी टिपकागदावर हलकेच टिपून, पाणी निथळवून, वजन करा. टिपणं दर वेळी सारखंच हवं; ओले मणी आणि टिपलेले मणी यांच्या वजनात फार फरक पडतो. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २० मिली सुक्रोज-बफर आधी ४० अंशांना तापवा, मग मणी घाला आणि मिनिटाला साधारण १२० फेऱ्यांवर हलवत ठेवा. ०, २, ४, ६, ८ आणि १० मिनिटांना ०.१ मिली नमुना काढा. नमुन्याबरोबर मणी यायला नको. डीएनएस मण्यांसकट फ्लास्कमध्ये ओतणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मण्यात अडकलेली साखर मग हळूहळू बाहेर येते आणि रीडिंग कुणाचंच जुळत नाही.

एक उदाहरण सोडवू. समजा नळीतली साखर दर मिनिटाला ०.०३६ मिलिग्रॅमने वाढली. नमुना दहापट पातळ होता, म्हणून फ्लास्कमध्ये मिलीला ०.३६ मिलिग्रॅम. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे २ मायक्रोमोल. दोनने भागलं की मिलीला १ मायक्रोमोल सुक्रोज. फ्लास्कमध्ये २० मिली, म्हणून २० युनिट. हे ०.५ ग्रॅम मण्यांचे, म्हणजे ग्रॅमला ४० युनिट. दहा मिनिटांत सुक्रोज साधारण ७ टक्के तुटली, हे चांगलं.

> तपासणी: वेळ आणि साखर यांचा आलेख सरळ रेषेत आहे ना? तो वाकायला लागला असेल तर मणी कमी घ्या किंवा पहिली काही मिनिटंच धरा. सुक्रोज १० टक्क्यांपेक्षा जास्त तुटू देऊ नका. पुढच्या सगळ्या टप्प्यांचा पाया हाच आहे.

आणखी दोन गोष्टी बघा. शेकरचा वेग वाढवल्यावर ॲक्टिव्हिटी वाढली, तर मण्याभोवतीच्या थरात साखर अडखळते आहे. काही मणी ब्लेडने चार तुकड्यांत कापून मोजल्यावर ती ठळक वाढली, तर मण्याच्या आतलं एन्झाइम उपाशी आहे. दोन्ही प्रश्नांवर बारीक सुईने लहान मणी करणं हाच उपाय.

## टप्पा ७: हिशेब

तीन टक्केवाऱ्या असतात आणि तिन्ही वेगळ्या. अहवालात नुसतं "८० टक्के इमोबिलायझेशन" (म्हणजे एन्झाइम बसवणं) लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

समजा तुम्ही १४०० युनिट दिले. उरलेल्या द्रावणात ३०० आणि सगळ्या धुवणांत मिळून १०० सापडले. म्हणजे १००० युनिट मण्यांकडे गेले. १४०० पैकी १००० म्हणजे ७१ टक्के, हे बसण्याचं प्रमाण. १० ग्रॅम मण्यांत प्रत्यक्ष ४०० युनिट मिळाले. १००० पैकी ४०० म्हणजे ४० टक्के, ही बसलेल्या एन्झाइमची कार्यक्षमता. दिलेल्या १४०० पैकी ४०० म्हणजे जेमतेम २९ टक्के, ही हाती आलेली ॲक्टिव्हिटी. जुळ्या बाटलीत घट झाली असेल तर ती आधी १४०० मधून वजा करा.

बसण्याचं प्रमाण ९० आणि कार्यक्षमता १० असेल तर एन्झाइम बसलंय पण गुदमरलंय. ग्लुटरल्डिहाइड आणि एन्झाइमची मात्रा, दोन्ही कमी करा.

ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीने प्रथिनही मोजत असाल तर एक लक्षात घ्या. यीस्टच्या इन्व्हर्टेजवर साखरेच्या साखळ्यांचं जाड आवरण असतं आणि ब्रॅडफर्डचा रंग अशा प्रथिनांना कमी धरतो. त्या आकड्यावर सगळा भार टाकू नका.

## टप्पा ८: गळतीची परीक्षा

मणी सुक्रोजमध्ये चालू द्या. पाचव्या मिनिटाला चाळणीने सगळे मणी बाहेर काढा आणि उरलेलं द्रावण तसंच ४० अंशांना चालू ठेवा. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला साखर मोजा. आकडा जागच्या जागी थांबला तर एन्झाइम मण्यातच आहे. वाढत राहिला तर ते सुटून पाण्यात आलंय, आणि टप्पा ५ पुन्हा करावा लागेल. ही अर्ध्या तासाची परीक्षा दिल्याशिवाय "बांधलं" असं लिहू नका.

## टप्पा ९: उष्णता किती सोसतं

मोकळं एन्झाइम आणि मणी, दोन्ही एकाच बफरमध्ये, एकाच बाथमध्ये, ६० अंशांना ठेवा. साखर घालू नका, कारण सुक्रोज स्वतःच एन्झाइमला उष्णतेत जपते. ०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना नमुना काढून लगेच बर्फात ठेवा आणि मग सगळे ४० अंशांना मोजा.

मणी आणि मोकळं एन्झाइम यांची तुलना वेगवेगळ्या दिवशी करू नका. आणि मण्यांत एन्झाइम ठासून भरलेलं असेल तर सावध राहा. आत उपाशी असलेलं जादा एन्झाइम बाहेरचं मेल्यावर कामाला लागतं आणि एकूण आकडा खाली येत नाही. स्थिरता वाढल्याचा तो भास असतो. म्हणून ही परीक्षा सगळ्यात कमी मात्रेच्या मण्यांवर करा.

## टप्पा १०: पुन्हा पुन्हा वापर

"दहाही वेळा शंभर टक्के" कुठून येतं ते आता सांगते. प्रत्येक फेरी एक तासाची ठेवलेली असते. चांगल्या मण्यांना त्या तासात सगळी साखर तोडायला समजा वीस मिनिटंच लागतात. एन्झाइमचा अर्धा भाग मेला तरी चाळीस मिनिटांत काम संपतं आणि तासाच्या शेवटी आकडा पुन्हा शंभरच. त्या मुलाने मोजली ती साखर किती होती, एन्झाइम किती उरलं हे नव्हे.

म्हणून प्रत्येक फेरीतही दोन-दोन मिनिटांचे नमुने घ्या, सुक्रोज १० टक्क्यांच्या आत तुटू द्या आणि सुरुवातीच्या वेगाची तुलना करा. फेरी झाली की मणी चाळणीवर घ्या, बफरने दोनदा धुवा, टिपून वजन करा आणि ताज्या सुक्रोजमध्ये टाका. वजन दर फेरीला लिहा. दहा फेऱ्यांत चार-सहा मणी चाळणीला, पिपेटला, बोटाला चिकटून जातात, आणि ती घट एन्झाइमच्या नावावर लागते.

> सावधान: एप्रिल-मे महिन्यात साखरेचं द्रावण एका दिवसात आंबतं. आदल्या दिवशीचं सुक्रोज वापरू नका. आंबल्याचा वास आला किंवा मणी बुळबुळीत लागले तर त्या फेरीपासूनचे सगळे आकडे बाद धरा, कारण आता साखर तोडणारं फक्त तुमचं एन्झाइम राहिलेलं नाही.

## टप्पा ११: साठवण

मणी ०.०५ मोलर ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ५, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाच्या खड्यांनी जाळी फाटते. वाळवूही नका, आकसलेली छिद्रं पुन्हा पूर्ण उघडत नाहीत. बुरशी येऊ नये म्हणून सोडियम ॲझाइड घालतात, पण ते विषारी आहे आणि आम्लाशी मिळालं की विषारी वायू देतं. पीएच ५ च्या बफरला ते टाळलेलंच बरं. त्यापेक्षा बफर गाळून घ्या आणि दर आठवड्याला बदला. मोकळ्या एन्झाइमची बाटली शेजारीच ठेवा आणि ७, १५ व ३० दिवसांनी दोन्ही मोजा.

## द्राक्षरसाकडे जायचं असेल तर

दिंडोरी-निफाडकडच्या लहान प्रक्रिया उद्योगांतून मला पेक्टिनेजबद्दल विचारणा होते. गढूळ रस मण्यांवरून स्वच्छ होऊन यावा आणि एन्झाइम पुन्हा वापरता यावं, अशी त्यांची अपेक्षा असते. वरचाच क्रम चालतो, पण चार गोष्टी बदलतात.

पेक्टिनचा रेणू प्रचंड मोठा असतो. तो मण्याच्या आत शिरत नाही, फक्त पृष्ठभागावरचं एन्झाइम त्याच्यापर्यंत पोचतं. इन्व्हर्टेजचे सुंदर आकडे इथे येणार नाहीत. मणी जितके लहान तितकं बरं.

द्राक्षरसाचा पीएच साधारण ३ ते ४ असतो. ग्लुटरल्डिहाइड नीट न लागलेला चिटोसानचा मणी त्यात टिकत नाही. टप्पा ३ ची तपासणी बफरऐवजी थेट रसात करा, आणि एका रात्रीऐवजी तीन रात्री. अल्जिनेटचा तर विचारच सोडा, रसातलं टार्टरिक ॲसिड त्यातलं कॅल्शियम काढून घेतं.

रसातले टॅनिन (तुरट पदार्थ) मण्यांना चिकटतात. दोन-तीन फेऱ्यांत मणी तपकिरी पडतात आणि वेग घटतो. ही घट एन्झाइम मेल्यामुळे आहे की मणी माखल्यामुळे, हे ठरवायला दर तिसऱ्या फेरीनंतर काही मणी मिठाच्या बफरने धुवून, रसाऐवजी शुद्ध पेक्टिनच्या द्रावणात मोजा. वेग परत आला तर मणी फक्त माखले होते. रस आधी कापडातून गाळून आणि गाळ बसवून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

आणि प्रयोगशाळेत ग्लुटरल्डिहाइडने केलेल्या मण्यांवरून गेलेला रस पिऊ नका, चाखायलाही नाही. चिटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, त्यामुळे ॲलर्जीचा आणि शाकाहाराचाही प्रश्न येतो. विक्रीच्या रसासाठी खाद्य दर्जाचा आधार आणि अवशेषांची तपासणी लागेल, तो वेगळा प्रयोग धरा. प्रयोगाच्या प्रत्येक बाटलीवर तारीख, मण्यांचं वजन, ग्लुटरल्डिहाइडची टक्केवारी आणि लाल अक्षरात "पिण्यासाठी नाही" असं लिहा, आणि त्या बाटल्या जेवणाच्या डब्यांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.